जिभेकडची नळी

लिफ्ट चौथ्या मजल्याच्या जरा अलीकडे अडखळली, वीतभर खाली घसरली आणि काही झालंच नाही अशी पुन्हा वर निघाली. आतल्या तिघाचौघांनी एकमेकांकडे न बघता आपापल्या पिशव्या सावरल्या, कुणीतरी लिफ्टवाल्या कंपनीचा उद्धार केला, आणि सगळे परत दारावरच्या आकड्यांकडे बघायला लागले. तिच्या मात्र खालच्या दातांवर वरचे दात आपटले होते, आणि खालच्या ओळीत अगदी मधोमध जे दोन बारके दात असतात त्यांतला डावा असा काही ठणकला की डोळ्यांत पाणी आलं. कळ हनुवटीत उतरली, तिथून कानाकडे गेली, आणि परत फिरून दाताच्या बुडाशी येऊन बसली. लिफ्टच्या मागच्या भिंतीला आरसा होता. तिने वळून बोटाने खालचा ओठ ओढला, तेव्हा शेजारचा सुटाबुटातला माणूस अवघडून भलतीकडे बघायला लागला. बघू दे. दात होता तसाच होता. शेजारच्यांपेक्षा किंचित करडा, सरळ, गुणी. या दातातली नस वर्षापूर्वी काढून टाकलेली होती. तिच्या नवऱ्याने काढली होती. तोही दातांचा डॉक्टर, तीही दातांची डॉक्टर, दवाखाना दोघांचा, आणि त्याच्या मते हा दात मेलेला होता, व्यवस्थित भरलेला होता आणि दुखणं त्याला शक्यच नव्हतं. तरीही दुखतोय म्हणतेस तर उपटून टाकू आणि तिथे स्क्रूचा दात बसवू, असं त्याने ठरवलं होतं. परवा, शुक्रवारी. तिनेही कंटाळून हो म्हटलं होतं. पाचव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा तिचे कान तापले होते. तिला राग आला होता, आणि तो लिफ्टचा नव्हता एवढं तिला कळत होतं.

दवाखान्यात दोन खोल्या होत्या, मध्ये काचेची भिंत. काचेला कमरेच्या थोडं वरपर्यंत दुधी कागद चिकटवलेला, म्हणजे खुर्चीत आडवा झालेला माणूस पलीकडून दिसू नये. खिडकीकडची खोली त्याची, आतली, हवेचा पंप जिच्या भिंतीपलीकडे दिवसभर घरघरतो ती, तिची. वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. कुणी ठरवली ते आता सांगता आलं नसतं, म्हणजे त्यानेच ठरवली होती. पुढचे दात त्याचे, मागच्या दाढा तिच्या. पुढच्या दाताचं काम झालं की माणूस उठतो, आरशात बघतो, हसतो, डॉक्टरचा हात दोन्ही हातांत धरतो. पेशंट त्याला हसरे डॉक्टर म्हणायचे. तिला दाढेच्या बाई. 'दाढ आहे का? मग त्या दाढेच्या बाईंकडे बसा.' दाढेत नसेच्या तीन नळ्या, कधी चार, चौथी हमखास वाकडी आणि लपलेली. मान मोडेस्तोवर वाकून ती शोधायची, साफ करायची, भरायची, आणि माणूस उठतो तो अवघडलेला जबडा चोळत, आभार मानायलासुद्धा त्याचं तोंड धड उघडत नाही. दाढ कुणाला दिसत नाही आणि तिच्यावरचं कामही नाही. तिची तक्रार नव्हती. म्हणजे तिने कधी केली नव्हती. 'पुढच्या दातात असतं काय?' तो पेशंटला सांगायचा, पाहुण्यांना सांगायचा, लग्नसमारंभात भेटलेल्या परक्या माणसालाही सांगायचा, 'एक मूळ, एक नळी, सरळसोट रस्ता. डोळे मिटून जावं.' आणि सांगताना एक बोट हवेत उभं धरायचा. आज कोट अडकवताना तिला ते बोट आठवलं आणि असा संताप आला की कोटाची बाही उलटी निघाली, आणि ती सरळ करता करता शिवण उसवली.

तिचा दात मेला कसा, ही दवाखान्यातली विनोदी गोष्ट होऊन बसली होती. एक धिप्पाड गृहस्थ तिच्याकडे दाढ घेऊन यायचे. गोदामात मालाची चढउतार बघायचे, आवाज असा की पंप ऐकू येऊ नये, आणि सुईला मात्र लहान मुलासारखे भ्यायचे. इंजेक्शन दिसलं आणि त्यांनी डोकं उडवलं ते नेमकं हिच्या हनुवटीवर. त्यांच्या कपाळाला काही झालं नाही. हिचा दात आठवड्याभरात दुखायला लागला, मग काळसर पडायला लागला, आणि नवऱ्याने तपासून सांगितलं की रूट कॅनल करावं लागेल. 'पुढचा दात आहे, म्हणजे माझ्याच वाट्याचा,' तो हसत म्हणाला होता. मदतनीस मावशीही हसल्या होत्या. तीही हसली होती, हनुवटी धरून. शनिवारची दुपार होती, त्याचे मित्र घरी यायचे होते, आणि जाण्याआधी हे एवढं उरकून टाकू असं त्याचं चाललं होतं. उरकून. तो शब्द तेव्हा तिला टोचला नव्हता. आता वर्षभराने, पहिल्या पेशंटच्या तोंडात आरसा धरून उभी असताना, टोचत होता.

तोंडावर रबरी पडदा ताणून बसवला आणि त्याच्या भोकातून एकच दात बाहेर काढला की माणसाला बोलता येत नाही. म्हणून ती प्रत्येकाला आधी सांगायची, 'दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन.' आणि थांबायची. बारीक सुईसारखी फाइल नळीत अर्धी गेलेली असो, बाहेर पाच माणसं खोळंबलेली असोत, हात वर झाला की तिचे दोन्ही हात जागच्या जागी थांबायचे. ते धिप्पाड गृहस्थ तर त्या एका वाक्यावर भरवसा ठेवून अजून येत होते. सुरुवातीला हात सारखा वर, मग कमी कमी. त्या शनिवारी नवऱ्याने तिला हे वाक्य सांगितलं नाही. 'तुला काय सांगायचं, तुला सगळं ठाऊक आहे,' असं म्हणून त्याने पडदा ताणला. पुढच्या दाताला भोक मागून पाडतात, जिभेच्या बाजूने. भोकाच्या जिभेकडच्या काठाला आत दाताचाच एक उंबरठा असतो, आणि त्या उंबरठ्याच्या आड, खालच्या पुढच्या दातांत, कित्येकदा दुसरी नळी असते. उंबरठा थोडा कापला, भोक जिभेकडे आणखी वाढवलं, की दिसते. नाही वाढवलं तर आयुष्यभर दिसत नाही. हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? म्हणून आडव्या आडव्या, पडद्याखालून, तिने त्याला सांगायचा प्रयत्न केला. जिभेकडे. जिभेकडे बघ. बाहेर आलं ते नुसतं 'इ-ए-ए.' तो हसला. 'काय गं, गाणं म्हणतेस का?' मग पहिली नळी साफ करताना एकदा खोलवर कळ गेली, तिने डावा हात वर केला, आणि त्याने तो हातमोजा घातलेल्या हाताने हळूच धरून परत खुर्चीच्या हातावर ठेवला. अगदी हळूच. मोठ्या प्रेमाने. 'दुखत नाहीये ते. नुसता दाब आहे.' घरी जाताना गाडीत तिने विचारलं होतं, 'दुसरी नळी बघितलीस?' तो म्हणाला, 'बघितली. नाहीये.' आणि तिने ऐकलं. तळपायाची आग मस्तकात जाते ती इथे. तो खोटं बोलला, ठीक आहे, माणसं बोलतात; पण तिने ऐकलं कसं? स्वतःच्या बरण्या विसरून ऐकलं कसं?

बरण्या. शेवटच्या वर्षाला असताना तिने खालचेच पुढचे दात घेतले होते अभ्यासाला. सर हसले होते. एवढुसे दात, त्यांत काय बघणार? रुग्णालयातून उपटलेले दात गोळा करायचे, घासायचे, त्यांच्या आत सुईने शाई भरायची, मग आम्लात टाकून ते मऊ करायचे, आणि शेवटी एका तेलात सोडायचे. त्या तेलाला मुरगळलेल्या पायाला चोळायच्या मलमाचा वास यायचा. तिच्या केसांना यायचा, उशीला यायचा, त्या वर्षीच्या सगळ्या पुस्तकांना अजून येतो. तेलात दात काचेसारखा आरपार होत जायचा, आणि आत शाईची रेघ उभी राहायची. एक रेघ, एक रेघ, एक रेघ, आणि मग एक असा दात यायचा की तिच्या अंगावर शहारा यायचा. दोन रेघा. कधी वर वेगळ्या होऊन खाली पुन्हा एक झालेल्या. कधी मध्येच एकमेकींना बारीक धागा जोडलेल्या. आणि क्वचित अशा की सुरुवातीपासून टोकापर्यंत वेगळ्या, शेजारी राहून एकदाही न भेटलेल्या. दर तीन-चार दातांमागे एक तरी दोन रेघांचा निघायचाच. दात इतका अरुंद की दोन्ही रेघा एकीमागे एक. समोरून एक्स-रे काढला तर पुढची मागचीला झाकते आणि एकच दिसते. यंत्राची मान थोडी तिरकी धरून एक्स-रे घेतला की दोघी वेगळ्या होतात. नवरा तेव्हा फक्त वर्गातला होता. संध्याकाळी प्रयोगशाळेत यायचा, बरणी उचलून खिडकीच्या उजेडात धरायचा. 'काय सुंदर आहे गं हे,' म्हणायचा. पुन्हा पुन्हा त्याच दोन रेघांच्या बरणीकडे जायचा. त्याच्या त्या बघण्यावर ती भाळली होती. म्हणजे त्याने बघितलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी, तिच्या शेजारी उभं राहून बघितलं होतं, आणि तोच माणूस आता हवेत एक बोट उभं धरून सांगत फिरत होता. पुढे व्याख्यानांतून लोकांना तो त्या बरण्यांबद्दलही सांगायचा. 'आम्ही केलं होतं ते काम' म्हणायचा. आम्ही!

वर्षभर दात दुखला. रोज नाही, दिवसभर नाही. तसं असतं तर सोपं गेलं असतं. गरम सुपाचा चमचा लागला की दुखायचा, पावाची कडा चावली की दुखायचा, आणि मध्येच चार दिवस असा गप्प बसायचा की तिलाच खोटं पाडल्यासारखं व्हायचं. सफरचंद खायचं तिने सोडलं. जीभ सारखी मागून त्या दाताला चाचपत राहायची. 'बोलताना तू जिभेचं काय करतेस ते बघ जरा, बरं दिसत नाही,' सासूबाई एकदा जेवताना म्हणाल्या, आणि मग मुलाकडे वळून, 'डॉक्टरांच्या घरात दात दुखतो म्हणजे कमालच आहे बाई.' त्या वाईट नव्हत्या. त्यांना नवल वाटत होतं एवढंच. नवऱ्याने पाव तोडत शांतपणे समजावलं होतं, 'आई, दुखण्याची आठवण राहते कधीकधी. पाय कापलेल्या माणसाला नसलेला अंगठा खाजतो, तसं. मेंदूचं असतं ते.' मेंदूचं! सासूबाईंनी मग तिच्याकडे जरा काळजीने बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला लवकर झोपत जा असं सांगायला लागल्या. घरी आलेल्या मित्रांपुढे तो तिला 'माझी सगळ्यांत अवघड पेशंट' म्हणायचा आणि सगळे हसायचे, आणि हसताना त्यांचे पुढचे दात, त्यानेच केलेले, पांढरेशुभ्र चमकायचे. तिने दाताच्या कण्या केल्या. एकदा उघडून बघ म्हणाली, एकदा तिरका एक्स-रे घेऊ म्हणाली. 'उगाच कशाला किरणं घ्यायची,' तो म्हणाला. आणि सगळ्यांत वाईट हे, की मध्ये काही महिने तिला पटलंही होतं. रात्री पाठ करून पडलं की वाटायचं, असेल बाई मनाचंच. आपण थकलो असू. आपल्याला काहीतरी हवं असेल आणि ते दातावर निघत असेल. दाढेतल्या चौथ्या नळीवरून कुणाशीही भांडायला उठणारी ती, स्वतःच्या तोंडातल्या कळेवर विश्वास ठेवेना. या धंद्यात पहिल्या दिवशी पहिला प्रश्न शिकवतात. कुठे दुखतंय? एका बोटाने दाखवा. रस्त्यावरचा अनोळखी माणूस आला तरी नवरा त्याला हे विचारायचा. तिला त्याने वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं.

दुपारी तो खाली चहाला गेला तेव्हा ती एक्स-रेच्या खुर्चीत जाऊन बसली आणि मावशींना हाक मारली. मावशी तिथे दोघांच्याही आधीपासूनच्या वाटाव्यात अशा. सगळं बघायच्या, बोलायच्या कमी.

'माझा खालचा पुढचा घ्या. आणि यंत्राची मान डावीकडे सरकवा. अजून. अजून थोडी.'

'मॅडम, इतकी तिरकी? सर समोरूनच घेतात.'

'माहीत आहे मला सर कसे घेतात. घ्या.'

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटायला क्षणभर लागतो. त्या क्षणात तिच्या मनात आलं की काही दिसू नये. खरंच मेंदूचं निघावं, शुक्रवारी दात जावा, आणि घरात सगळं होतं तसं चालू राहावं. मग चित्र आलं. मुळाच्या आत त्याने भरलेली पांढरी रेघ होती, सुबक, टोकापर्यंत. काम स्वच्छच होतं त्याचं. पण ती मधोमध नव्हती. एका कडेला सरकून उभी होती, बाकावर दुसऱ्यासाठी जागा ठेवून बसलेल्या माणसासारखी. आणि त्या जागेत बारीक काळी रेघ होती, वरून खालपर्यंत, वेगळी, आपली आपण. तिने ती पाहिली आणि तिला तेलाचा वास आला. मावशी चष्मा वर करून पडद्याकडे आणि मग तिच्याकडे बघत होत्या. तिला रडू येत होतं, आणि ते आनंदाचं होतं की कसलं, कळत नव्हतं. वर्षभर ती खरं बोलत होती. परवा हा दात उपटला गेला असता, कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात पडला असता, आणि त्याच्याबरोबर ही रेघसुद्धा. मग नवरा कायमचा बरोबर ठरला असता. पुढची वीस वर्षं जेवताना तिच्याबद्दल तेच बोललं गेलं असतं, आणि तिच्याकडे दाखवायला काही उरलं नसतं.

तो रुमालाने ओठ टिपत आला. तिने बोलावलं, पडद्याकडे बोट केलं.

'हे काय?'

'अरे, घेतलास तू एक्स-रे.' तो वाकला, बघितलं, सरळ झाला. 'हाडाची रेघ आहे ती.'

'मुळाच्या आत हाड?'

'तिरका घेतलायस ना, सावल्या पडतात. तू पण ना. दाढा बघून बघून सगळीकडे चार चार नळ्या दिसायला लागल्यात तुला.'

'तुझी भरलेली नळी मधोमध का नाहीये ते सांग.'

त्याने पुन्हा बघितलं. या वेळी जरा जास्त वेळ. मग घड्याळाकडे बघितलं, बाहेरच्या बाकाकडे बघितलं, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. 'बरं बाई. उघडून बघू. आत्ताच बघू, तुझ्या समाधानासाठी.'

समाधानासाठी! तिने दातओठ खाल्ले, आणि खाल्ले म्हणून दात ठणकला. दुसरीकडे जाता आलं असतं. गावात डॉक्टर काय थोडे होते? तिच्याच वर्गातले चांगले चौघेजण होते. पण दुसऱ्याने ती नळी शोधली असती, आणि तो घरी म्हणाला असता, 'सापडलं म्हणे काहीतरी.' तेवढंच. तिला दुसरा नको होता. ती नळी त्याच्याच हाताने उघडायला हवी होती, त्याच्याच डोळ्यांना दिसायला हवी होती, त्याला हाडाची सावली म्हणता येणार नाही अशी.

खिडकीकडच्या त्याच्या खुर्चीत ती आडवी झाली. इतक्या वर्षांत तिने इथून छत फारसं बघितलंच नव्हतं. दिव्याच्या बाजूला ओलीचा एक डाग होता. इथे आडवी होणारी माणसं सगळी या डागाकडे बघत असणार. पलीकडे काचेमागे मावशी कुणालातरी बसवत होत्या. तो गोदामातला आवाज दुधी कागदापलीकडून आला, 'आज लवकर आलो, बाई आहेत ना?' आहेत, बसा, झालंच, असं मावशी म्हणाल्या आणि इकडे आल्या. नवऱ्याने हातमोजे चढवले. खालून त्याची हनुवटी आणि नाकपुड्या दिसत होत्या. माणूस खालून अनोळखी दिसतो.

'इंजेक्शन नकोच ना?' तो म्हणाला. 'मेलेला दात आहे.'

पडदा अजून लावायचा होता. ती बोलू शकत होती. त्या काळ्या रेघेत जर जिवंत नस उरली असेल तर भूल न देता तिथे फाइल घालणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोण सांगणार? तिने कुणा पेशंटवर ती वेळ कधी येऊ दिली नव्हती. वर मावशी हातात सिरिंज तयार ठेवून उभ्या होत्या. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली. नको. होऊ दे. त्याला पटेल अशी एकच गोष्ट उरली असेल तर तीही होऊ दे.

पडदा ताणला गेला. जुनं भरणं निघालं. मग त्याने भोक जिभेकडे वाढवायला सुरुवात केली, आणि ड्रिलची थरथर दाताच्या मागच्या अंगाने खाली उतरताना तिला कळत होती, इतकी स्पष्ट की डोळे मिटून तिला जागा सांगता आली असती. अजून थोडं. उंबरठा आहे तो, काप. तो गुणगुणत होता. 'बघ, काही नाही इथे. नुसता... थांब.' गुणगुणणं थांबलं. 'मावशी, सगळ्यांत बारीक फाइल द्या.' काहीतरी अडलं, सुटलं, आणि आत गेलं.

कळ म्हणता येईल असं ते नव्हतं. तोंड, हनुवटी, मान, खुर्ची, सगळं पांढरं झालं, आणि मध्ये तो दात तेवढा उरला. तिचा डावा हात आपोआप वर गेला.

'अगं, दुखेल कसं? मेलेला आहे. दाब आहे नुसता.' आणि त्याने तिचा हात धरला, हळूच, तसाच, आणि खुर्चीच्या हातावर परत ठेवला.

फाइल आणखी खाली गेली. हात पुन्हा वर आला. या वेळी तो आपोआप आला नव्हता. या वेळी तिने तो केला होता, कोपर ताठ, पाचही बोटं पसरून. तो पुन्हा धरायला आला तेव्हा तिने मनगट असं घट्ट ठेवलं की त्याला ते हलवता येईना. मग त्याने फाइल बाहेर काढली, आणि दिव्याखाली धरली. टोकाला रक्त होतं. लाल, ताजं. मेलेल्या दातातून रक्त येत नाही हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं. तो फाइलकडे बघत राहिला. तीही खालून त्याच्याकडे बघत होती. आता बोल. आता काय बोलशील ते बोल.

'मिळाली!' तो म्हणाला. चेहरा उजळला होता, खरोखरच उजळला होता, खिडकीपाशी बरणी उचलून धरायचा तेव्हासारखा. 'मला वाटलंच होतं, या दातात काहीतरी आहे. दोन वेगळ्या नळ्या, टोकापर्यंत! क्वचित मिळतात अशा. मावशी, कॅमेरा आणा, कॅमेरा. हे आपण पुढच्या व्याख्यानात दाखवू.'

वाटलंच होतं. पडद्याखाली तिच्या घशातून काहीतरी आलं, तिला वाटलं शिवी आहे, पण बाहेर नुसतं 'अ-अ' ऐकू गेलं. 'हो हो, झालंच,' तो म्हणाला. हात वर होता. मावशी जागच्या हलल्या नाहीत. 'सर, मॅडमचा हात,' त्या म्हणाल्या. 'हो, बघितला. कॅमेरा कुठे ठेवता तुम्ही?' तो स्वतःच कपाटाकडे वळला. हातातलं रक्त उतरायला लागलं होतं, बोटं जड झाली होती, दंड कापत होता. राग होता म्हणून हात उभा होता. पडला तर पुन्हा कधी वर जाणार नाही असं तिला वाटत होतं. कॅमेऱ्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला, एकदा, मग दुसऱ्यांदा. 'अजून एक. जरा तोंड मोठं,' तो म्हणाला.

तेवढ्यात काचेवर कुणीतरी ठोकलं. ठोकलं कसलं, काच फुटेल असे दणके घातले. तिने डोळे फिरवून बघितलं. दुधी कागदाच्या वर ते धिप्पाड गृहस्थ उभे होते, गळ्यात कागदी रुमाल तसाच. खुर्चीतली माणसं तिथून दिसत नाहीत. त्यांना ती दिसत नव्हती. कागदाच्या वर आलेला एक हात तेवढा दिसत होता.

'अहो डॉक्टर!' ते ओरडले, गोदामातल्या आवाजात, बाहेरच्या बाकापर्यंत जाईल असे. 'हात वर आहे! दिसत नाही का? कधीचा हात वर आहे माणसाचा!'

नवऱ्याने वर बघितलं. मग कॅमेरा खाली घेतला. मग त्याची नजर तिच्या हातावर गेली, आणि त्या हातावरून, कोपरावरून, खांद्यावरून, खाली तिच्या डोळ्यांपर्यंत आली. त्याला किती वेळ लागला हे तिने मोजलं नाही. त्याचा चेहरा उतरला. बाहेर कुणीतरी विचारत होतं काय झालं, आणि मावशींनी पुढे होऊन, कुणी सांगितलं नव्हतं तरी, दिवा तिच्या डोळ्यांवरून बाजूला सारला. त्याने दातावरचा चिमटा सोडवला, पडद्याची एक कड सुटली, मग दुसरी. तिचं तोंड मोकळं झालं. ओठांच्या कडा चिरल्यासारख्या झोंबत होत्या. तो हातात रबरी पडदा लोंबत धरून उभा होता, आणि शेवटी त्याच्या तोंडून आलं तेच, जे रस्त्यावरच्या अनोळखी माणसालासुद्धा तो विचारत आला होता.

'कुठे दुखतंय?'

तिने जिभेने दात मागून चाचपला. तोंडात रक्ताची चव होती. सांगायला वर्षभराचं होतं, त्याच्या आधीचंही होतं, आणि ते उभ्या उभ्या उरकण्यासारखं नव्हतं.

'बस खाली,' ती म्हणाली. 'सांगते.'

त्याने चाकांचं स्टूल ओढलं आणि बसला. तिने हात खाली घेतला नाही.